एअरब्रश तुंबला? जोर नको, क्रम पाळा

गणपतीच्या मूर्ती रंगवणारे असोत की घरात बसून विमानं-रणगाड्यांची छोटी मॉडेल्स करणारे, ऐन कामात एअरब्रश दगा देतो तो बहुतेक वेळा दोनच कारणांनी: वेळेवर न केलेली सफाई आणि चुकीच्या पद्धतीने केलेली सफाई.

चतुर्थी आठवड्यावर आली की मूर्तिकारांच्या कारखान्यात दिवस आणि रात्र यांतला फरक उरत नाही. पांढरा हात देऊन झालेला असतो, अंगाचा रंग बसलेला असतो. राहतं ते नाजूक काम. गालांवरची छटा, सोंडेच्या वळ्यांमधलं शेडिंग, पितांबराच्या चुण्या. डोळ्यांची आखणी हातानेच होते, पण ही मऊ छटा आता बहुतेक ठिकाणी एअरब्रशनेच देतात. आणि नेमका त्याच वेळी एअरब्रश थुंकायला लागतो. मऊ फवाऱ्याच्या जागी ठिपके पडतात, मग रंगच येईनासा होतो, नुसती हवा फुसफुसते.

अशा वेळी घाईत माणूस तीन गोष्टी करतो. कॉम्प्रेसरचा दाब वाढवतो, हाताला येईल ती टाचणी नोझलमध्ये घालतो, नाहीतर पाना घेऊन नोझल पिळतो. कधी रंग सुटतोही. पण टाचणीने नोझलचं तोंड फाकलं की पुन्हा बारीक रेघ येत नाही, आणि पान्याने आटे तुटले तर सुटा भागच बदलावा लागतो. साध्या चिनी एअरब्रशचा सुई-नोझलचा जोड काहीशे रुपयांत मिळतो, नावाजलेल्या जपानी किंवा जर्मन कंपनीचा काही हजारांत जातो. पैशांपेक्षा मोठी अडचण वेळेची. छोट्या गावात हा भाग दुकानात मिळत नाही, ऑनलाइन मागवावा लागतो, आणि चतुर्थी कुणासाठी थांबत नाही.

आत नेमकं काय असतं

एअरब्रश ही काही नवी वस्तू नाही. अमेरिकेत अब्नर पीलर यांनी १८७९ मध्ये हवेने रंग उडवणारं एक प्राथमिक यंत्र केलं. पुढे १८९३ मध्ये चार्ल्स बर्डिक यांनी रंग आणि हवा यंत्राच्या टोकाशी आतच मिसळणारी रचना आणली. आजचे बरेचसे एअरब्रश त्याच कल्पनेवर चालतात.

रचना साधी आहे. वर रंगाची वाटी. मधून आरपार गेलेली एक लांब, निमुळती सुई. पुढे सुईचं टोक ज्यात बसतं ते नोझल, आकाराने जेमतेम तांदळाच्या दाण्याएवढं. त्यावर हवेला दिशा देणारी टोपी. मागे सुई धरून ठेवणारा नट आणि त्यावर दांडा. डबल अॅक्शन एअरब्रशमध्ये ट्रिगर खाली दाबला की हवा सुटते, मागे ओढला की सुई मागे सरकते आणि नोझलचं तोंड उघडून रंग येतो. जितकं मागे ओढाल तितका रंग जास्त.

नोझलचं भोक बारीक कामासाठी ०.२ मिलिमीटर, सर्वसाधारण कामासाठी ०.३ आणि जाड रंगासाठी किंवा मोठ्या पृष्ठभागासाठी ०.५ मिलिमीटर असतं. म्हणजे ०.३ च्या नोझलमधून, सुईच्या भोवती उरलेल्या फटीतून रंगाला वाट काढायची असते. तिथे सुकलेल्या रंगाचा एक कण पुरतो.

तुंबतो का

सगळ्यात नेहमीचं कारण म्हणजे सुईच्या टोकावर सुकणारा रंग. हवेचा झोत तिथूनच जातो, त्यामुळे टोकावरचा रंग वाटीतल्या रंगाच्या कितीतरी आधी वाळतो. अॅक्रिलिक रंगात हे सगळ्यात लवकर होतं. इंदूर-ग्वाल्हेरच्या किंवा हैदराबादच्या उन्हाळ्यात, कोरड्या हवेत, काम करताना दर काही मिनिटांनी टोक पुसावं लागतं ते यामुळेच.

दुसरं कारण जाड रंग. रंग दुधाइतका पातळ हवा, हा जुना अंदाज आजही कामाला येतो. वाटीच्या कडेवर रंग लावून पाहायचा. दुधासारखा सरकून मागे पातळ थर ठेवत असेल तर ठीक, सायीसारखा चिकटून राहत असेल तर अजून पातळ करायचा.

तिसरं कारण न गाळलेला रंग. बाटलीच्या झाकणाशी सुकलेल्या खपल्या, नीट न विरघळलेली पावडर, ब्रशचा एखादा केस, सगळं थेट नोझलपर्यंत जातं. सोनेरी, रुपेरी आणि मोतिया रंगांत चमकेचे कण मुळातच मोठे असतात. ते ०.२ च्या नोझलमध्ये घालणं म्हणजे तुंबण्याला आमंत्रण. त्यांना ०.५ चं नोझल बरं. कुठलाही रंग वाटीत घालण्याआधी जुन्या नायलॉनच्या मोज्यातून किंवा बारीक जाळीतून गाळला तर निम्मी कटकट तिथेच संपते.

आणि चौथं, चहाला उठताना वाटीत रंग तसाच ठेवणं. दहा मिनिटांचा चहा कधी कधी तासाभराच्या सफाईला कारण होतो.

लक्षणावरून दुखणं ओळखा

प्रत्येक बिघाडाला एअरब्रश पूर्ण खोलायची गरज नसते. आधी लक्षण बघावं.

हवा येते, रंग येत नाही: नोझल तुंबलेलं असू शकतं. पण खोलण्याआधी दोन सोप्या गोष्टी तपासाव्यात. वाटीच्या झाकणाला बारीक भोक असतं. ते रंगाने बुजलं की वाटीत हवा शिरत नाही आणि रंग उतरत नाही. दुसरं, मागचा सुईचा नट सैल असेल तर ट्रिगर मागे जातो, पण सुई जागची हलत नाही.

ठिपके उडतात, फवारा थुंकल्यासारखा येतो: टोकावर रंग सुकलाय, रंग जाड आहे, दाब कमी आहे किंवा सुईचं टोक वाकलंय. पाण्याचे थेंब दिसत असतील तर दोष कॉम्प्रेसरकडे आहे.

वाटीत बुडबुडे येतात: हवा रंगाच्या वाटेत घुसतेय. नोझल नीट बसलेलं नाही, चिरलंय किंवा पुढे तुंबलंय.

ट्रिगर नुसता दाबला तरी रंग येतो: सुई पूर्ण पुढे बसलेली नाही, मध्ये कचरा आहे किंवा नोझलचं तोंड फाकलंय.

फवारा एका बाजूला जातो: टोपीत रंग अडकलाय किंवा सुई वाकलीय.

ट्रिगर चिकटतो, सोडला तरी पुढे येत नाही: सुईच्या वाटेतल्या सीलमध्ये रंग शिरून सुकलाय.

रंग बदलताना दोन मिनिटं

रोजची सफाई म्हणजे एअरब्रश सुटा करणं नव्हे. उलट रोज खोलणाऱ्यांचेच आटे आणि सुया लवकर खराब होतात. रंग बदलताना एवढं पुरतं:

उरलेला रंग बाटलीत किंवा वेगळ्या डबीत ओतून घ्यायचा. वाटी कागदाने किंवा चिंधीने पुसायची. त्या रंगाला चालणारं पाणी किंवा थिनर वाटीत थोडंसं घालून जुन्या मऊ ब्रशने कडा घासायच्या आणि ते फवारून टाकायचं. मग पुन्हा थोडं घालून उलटी हवा द्यायची. म्हणजे पुढच्या टोपीच्या तोंडावर ओली चिंधी हलकी दाबून ट्रिगर अगदी थोडा मागे ओढायचा. हवेला पुढे वाट न मिळाल्यामुळे ती वाटीत परत येते आणि बुडबुड्यांबरोबर आत अडकलेला रंग वर येतो. यावेळी दाब कमी हवा, वाटी अर्ध्याहून कमी भरलेली हवी आणि तोंड वाटीवर वाकवलेलं नको. थिनर डोळ्यात उडू शकतो. काही एअरब्रशमध्ये टोपी एक-दीड आटा सैल केली तरी हेच काम होतं.

फवारा पाण्यासारखा स्वच्छ येईपर्यंत हे दोन-तीनदा करायचं. शेवटी टोकावरून ओली इअरबड फिरवायची. गडद रंगावरून पिवळ्या किंवा पांढऱ्या रंगाकडे जाताना एक फेरी जास्त. त्यापेक्षा फिक्या रंगापासून गडद रंगाकडे जाणारा क्रम ठरवला तर सफाई निम्म्यावर येते.

पूर्ण तुंबला तर

वरचं सगळं करूनही रंग येत नसेल तरच एअरब्रश खोलावा. टेबलावर पांढरा कापडी तुकडा किंवा काठाचं ताट ठेवावं. नोझल घरंगळून जमिनीवर पडलं तर शोधूनही सापडत नाही. मोरीवर काम करणार असाल तर आधी जाळीवर फडकं टाका.

१. हवा बंद करा, नळीतला दाब सोडून द्या. वाटी रिकामी करून एकदा धुवून घ्या, म्हणजे सुई मागे ओढताना ओला रंग सीलमध्ये जाणार नाही.

२. मागचा दांडा काढा, सुईचा नट सैल करा आणि सुई दोन-तीन सेंटिमीटर मागे घ्या. ही पायरी चुकवू नये. सुई आत असताना नोझल फिरवलं तर टोक आणि नोझल दोन्ही दुखावतात. सुई अजिबात हलत नसेल तर पकडीने ओढू नका. वाटीत थिनरचे थेंब घालून पंधरा-वीस मिनिटं थांबा, मग हळू फिरवत काढा.

३. पुढच्या टोप्या हाताने काढा. नोझल आट्यांचं असेल तर एअरब्रशसोबत आलेल्या छोट्या पान्याने सोडवा. काही एअरब्रशमध्ये नोझल नुसतं बसवलेलं असतं, ते टोपीबरोबर निघून येतं.

४. सुई पूर्ण काढून थिनरने ओल्या केलेल्या चिंधीत धरा आणि मागून टोकाकडे, गोल फिरवत पुसा. टोकाकडून मागे कधीच नाही; टोक वाकतं आणि बोटातही घुसतं.

५. नोझल, टोप्या आणि सुई काचेच्या वाटीत योग्य द्रावणात दहा-पंधरा मिनिटं भिजत ठेवा. अख्खा एअरब्रश थिनरच्या डब्यात बुडवून ठेवायची पद्धत काही ठिकाणी दिसते, ती बंद करावी. आतल्या रबरी रिंगा थिनरने फुगतात, आणि मग हवा गळायला लागते.

६. नोझल आतून साफ करताना टाचणी, शिवणाची सुई, तार यांना हात लावू नये. नोझलचा धातू मऊ असतो. टिश्यू पेपरचा कोपरा पिळून केलेली वात किंवा दातांच्या फटीत फिरवायचा बारीक ब्रश नोझलच्या रुंद बाजूनेच घालायचा, हलका फिरवायचा आणि बाहेर काढायचा. मग नोझल उजेडासमोर धरायचं. भोक गोल आणि स्वच्छ दिसलं पाहिजे. कडेला काळी रेघ दिसली तर पुन्हा भिजवायचं.

७. वाटीपासून पुढे जाणारी वाट त्याच बारीक ब्रशने साफ करा. ट्रिगरच्या मागच्या भागात मात्र थिनर ओतू नका.

८. जोडताना आधी नोझल. ते बोटाने बसेल तेवढं फिरवा आणि शेवटी पान्याने अगदी किंचित आवळा. मग टोप्या. सगळ्यात शेवटी सुई, हळूच पुढे सरकवत. अडली की थांबायचं. आणखी ढकललं तर नोझल आतून चिरतं. नट आवळा, दांडा लावा आणि रंग घालण्याआधी स्वच्छ पाण्याने किंवा थिनरने फवारून बघा.

सुईचं टोक तपासायचं तर ते टिश्यू पेपरवरून हलकं ओढावं. कागद अडकला तर टोक वाकलेलं आहे. थोडासा बाक असेल तर सुई काचेवर आडवी ठेवून, टोक काचेला टेकवत हळू लोळवून सरळ करता येतो. जास्त वाकली असेल तर नवी सुई घेणंच स्वस्त पडतं, कारण वाकडी सुई प्रत्येक ओढीला नोझल आतून खरवडते.

चष्मा किंवा दागिने धुवायचं अल्ट्रासॉनिक यंत्र असेल तर सुटे केलेले धातूचे भाग त्यात कोमट पाण्यात आणि भांड्याच्या साबणाच्या दोन थेंबांत काही मिनिटं ठेवता येतात. त्यात थिनर किंवा पेट्रोल मात्र कधीच घालू नये, आग लागू शकते.

रंगानुसार द्रावण

पाण्याचे रंग आणि पोस्टर कलर सुकले तरी कोमट पाण्याने सुटतात. रंगात पांढरा डिंक मिसळला असेल तर मात्र ते लवकर धुवावे लागतात.

अॅक्रिलिक ओलं असताना पाण्याने जातं, सुकल्यावर पाणी काही करू शकत नाही. त्याला एअरब्रश क्लीनर हवा. आयसोप्रोपिल अल्कोहोल चालतं, पण काही अॅक्रिलिक रंग ओले असताना अल्कोहोलशी मिळून चिकट गोळा होतात. म्हणून आधी पाणी, मग अल्कोहोल.

एनॅमल आणि ऑइल पेंटला टर्पेंटाइन, लॅकर आणि एनसी रंगांना त्यांचं थिनर. पाण्याच्या रंगानंतर लगेच थिनरचा रंग घातला, किंवा उलट, तर आत रंग फुटतो, दह्यासारख्या गुठळ्या होतात. मध्ये पूर्ण धुवून, नुसती हवा सोडून एअरब्रश कोरडा करायला हवा.

काच पुसायच्या द्रवाने सफाई करणारेही आहेत. त्यातल्या काहींमध्ये अमोनिया असतो. पटकन फवारून टाकायला ठीक, पण पितळी आणि मुलामा दिलेले भाग त्यात भिजत ठेवू नयेत.

ट्रिगर घट्ट चालत असेल तर एअरब्रशसाठीचं वंगण एक थेंब लावावं. दाराच्या बिजागरीला मारायचा सिलिकॉनचा स्प्रे वापरू नये. त्याचा अंश रंगात गेला की मूर्तीवर रंग गोल गोल फाटतो आणि त्यावर दुसरा हातही नीट बसत नाही.

पावसाळ्यातलं पाणी

मूर्तींच्या रंगकामाचे दिवस म्हणजे बेळगाव, खानापूर, कोकण आणि गोव्यात भर पावसाचे दिवस. कॉम्प्रेसर दमट हवा दाबतो, दाबलेली हवा गरम होते आणि नळीत थंड झाली की त्यातलं पाणी सुटतं. ते थेंब रंगाबरोबर मूर्तीवर येतात. अनेकजण तेव्हा एअरब्रश खोलत बसतात, पण दोष टाकीत असतो.

यावर उपाय सोपे आहेत. कॉम्प्रेसरच्या टाकीखालची चकती किंवा कॉक रोज उघडून पाणी सोडायचं. नळीवर पाणी पकडणारी काचेची किंवा प्लॅस्टिकची वाटी लावायची आणि ती भरण्याआधी रिकामी करायची. काम सुरू करण्यापूर्वी एक मिनिट नुसती हवा कागदावर सोडून पाहायची. कागद ओला झाला नाही, की मगच मूर्तीकडे वळायचं.

दाबाचंही तसंच. छोट्या मॉडेलला साधारण १५ ते २० पीएसआय पुरतात, मूर्तीच्या मोठ्या भागाला त्याहून जास्त लागतात. पण तुंबलेला रंग दाब वाढवून बाहेर ढकलू नये. गुठळी सुटलीच तर ती थेट गणपतीच्या गालावर जाऊन बसते.

नोझल बदलता येतं, फुप्फुस नाही

सफाईच्या वेळी रंगकामाइतकाच, कधी जास्तच, थिनर हवेत जातो. पावसामुळे ताडपत्री बांधून बंद केलेल्या कारखान्यात ती वाफ कोंडते. डोकं जड होणं, मळमळ, डोळ्यांची आग ही त्याची पहिली लक्षणं. तोंडाला बांधलेला रुमाल किंवा साधा कापडी मास्क ही वाफ अडवत नाही. त्यासाठी कोळशाच्या डब्यांचा, सेंद्रिय वाफेसाठीचा मास्क लागतो, आणि वास यायला लागला की त्याचे डबे बदलावे लागतात.

थिनर मोकळ्या हवेत फवारण्याऐवजी एका बरणीत फवारावा. झाकणाला एअरब्रशचं तोंड जाईल एवढं भोक पाडायचं, हवा जायला दुसरं भोक पाडून त्यात स्पंजचा तुकडा बसवायचा. जामच्या रिकाम्या बरणीत हे पाच मिनिटांत होतं. जवळ समई, गॅस, सिगारेट किंवा ठिणगी उडवणारं यंत्र नको. वापरलेला थिनर मोरीत किंवा गटारात ओतू नये. बरणीत दोन दिवस ठेवला की रंग तळाशी बसतो आणि वरचा निवळ थिनर पहिल्या धुण्याला पुन्हा चालतो. थिनरच्या चिंध्या पत्र्याच्या झाकणाच्या डब्यात टाकाव्यात. कारखान्यात मदतीला येणाऱ्या शाळकरी मुलांच्या हाती मूर्ती घासायचं काम असावं, थिनरचं नसावं.

हंगामाआधी आणि हंगामानंतर

हंगाम सुरू होण्याआधी एक जादा सुई, एक जादा नोझल आणि रबरी रिंगांचा संच मागवून ठेवणं शहाणपणाचं. मागवताना कंपनी, मॉडेल आणि भोकाचा आकार तिन्ही पाहावेत, ०.३ ची सुई ०.५ च्या नोझलमध्ये चालत नाही. दोन एअरब्रश असतील तर एक पाण्याच्या रंगांना आणि एक थिनरच्या रंगांना बांधून टाकावा.

विसर्जनानंतर दमलेला माणूस एअरब्रश तसाच पेटीत टाकतो आणि पुढच्या वर्षी आषाढात तो दगड झालेला सापडतो. त्याऐवजी शेवटच्या दिवशी एकदा पूर्ण खोलून, धुवून, कोरडा करून ठेवावा. सुई आत ठेवावी, पण नट हलकाच आवळावा, आणि टोकावरची टोपी लावायला विसरू नये. टाकीतलं पाणी सोडून कॉम्प्रेसरचा कॉक उघडाच ठेवावा, म्हणजे आतून गंज धरणार नाही. या कामाला अर्धा तास लागतो. पुढच्या वर्षी पहिल्या मूर्तीला रंग लावताना तो अर्धा तास वसूल होतो.